शुक्राणूची कुलपं आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

काचेच्या पट्टीवर पारदर्शक जेलचा पातळ थर आणि त्यात अडकवलेले काही शुक्राणू. त्यांची आवरणं, प्रथिनं आधी रसायनांनी धुऊन काढायची. मागे उरतो तो नुसता डीएनए. मग जेलमधून वीजप्रवाह सोडायचा. डीएनएवर ऋणभार असतो, त्यामुळे तो धन टोकाकडे ओढला जातो. अखंड डीएनएचा गुंता जड असतो, जागचा फारसा हलत नाही. तुटलेले तुकडे मात्र वाहत पुढे जातात. नंतर चमकणारा रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की अंधारात काही नुसते गोल ठिपके दिसतात आणि काही ठिपक्यांना धूसर शेपूट फुटलेलं असतं. हुबेहूब धूमकेतू. म्हणून या चाचणीला कॉमेट चाचणी म्हणतात. शेपूट जितकं लांब आणि ठळक, तितका त्या पेशीचा डीएनए फुटलेला.

शुक्राणूंवर ही चाचणी करताना एक जास्तीची पायरी लागते. रक्तातल्या पेशींचा डीएनए एवढ्या धुण्यानं मोकळा होतो, शुक्राणूचा होत नाही. तो इतका घट्ट बांधलेला असतो की डीटीटी नावाचं एक रसायन घालून आतले बंध आधी सोडवावे लागतात. हे डीटीटी जरा लक्षात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

नेहमीच्या वीर्यतपासणीत हे काहीच दिसत नाही. तिथे मुख्यतः संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. तिन्ही आकडे उत्तम असलेल्या माणसाच्या वीर्यातही शेपूटवाले ठिपके भरपूर निघू शकतात. म्हणजे बाहेरून धडधाकट, सरळ रेषेत पळणारा शुक्राणू आत फाटकी पोथी घेऊन पळत असतो. डीएनएची अशी मोडतोड जास्त असेल तर गर्भ राहायला वेळ लागतो, वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांतही ती सरासरीनं जास्त आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणीच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत या तपासणीला विस्तारित चाचण्यांमध्ये जागा मिळाली आहे. नेहमीच्या, सरसकट करायच्या चाचण्यांत ती नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

रिपोर्टवर बहुतेक वेळा ‘डीएफआय’ असं लिहून येतं. तो कॉमेटचा आकडा नसतो. १९८० साली पुढे आलेल्या एका वेगळ्या पद्धतीत शुक्राणूंना अ‍ॅक्रिडीन ऑरेंज हा रंग देतात; धड डीएनए हिरवा चमकतो, तुटका तांबडा. शंभरातले किती तांबडे, तो डीएफआय. १५ टक्क्यांच्या आत असेल तर निवांत, ३० च्या वर गेला तर काळजीचं, असा ढोबळ हिशोब आहे. पण ही भिंत नव्हे. ३१ टक्केवाल्यांनाही मुलं होतात.

आता हे तुटतं का? उत्तर शुक्राणू तयार कसा होतो त्यात आहे, म्हणून तिकडे थोडं रेंगाळू.

एका शुक्राणूत साधारण एक मीटर लांबीचा डीएनए असतो आणि त्याचं डोकं असतं मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढं. इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. शुक्राणू घडताना ही रिळं काढून टाकली जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामिन नावाची लहान प्रथिनं येतात. ती डीएनएला अक्षरशः आवळतात. माणसात दहा-पंधरा टक्के भाग जुन्या रिळांवरच राहतो, आणि घाव सोसायची पाळी आली की तो भाग जास्त उघडा असतो.

आवळणं एवढ्यावर थांबत नाही. प्रोटामिनच्या अंगावर ठिकठिकाणी गंधकाचे अणू असतात. वृषणातून निघालेला शुक्राणू एपिडिडिमिस या नळीतून जातो. ही नळी उलगडली तर सहा मीटरच्या आसपास भरेल, आणि तिच्यातून जायला शुक्राणूला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. या प्रवासात शेजारशेजारच्या गंधकांची जोडी जमते आणि पक्का बंध तयार होतो. एकेक बंध म्हणजे एकेक कुलूप. नळीच्या शेवटाला पोहोचेपर्यंत डीएनएचं गाठोडं हजारो कुलपांनी बंद झालेलं असतं. झिंकही हे बांधकाम धरून ठेवायला मदत करतं.

ही कुलपं लागतात कशी? ऑक्सिडेशननं. ज्याला आपण शत्रू म्हणून ओळखतो, त्याच क्रियेनं.

ऑक्सिडेशन म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेणं. दोन गंधकांकडून इलेक्ट्रॉन काढून घेतले की ते एकमेकांना धरतात, कुलूप लागतं. अँटिऑक्सिडंट उलटं काम करतात, स्वतःजवळचा इलेक्ट्रॉन देतात. आणि कुलपाला इलेक्ट्रॉन परत मिळाले तर? ते उघडतं. कॉमेट चाचणीतलं डीटीटी नेमकं हेच करतं. या एका गोष्टीवर पुढचं सगळं प्रकरण फिरतं, म्हणून पुन्हा सांगतो: शुक्राणूचा डीएनए सुरक्षित ठेवणारी कुलपं ऑक्सिडेशननं लागतात आणि इलेक्ट्रॉन मिळाले की ती उघडू शकतात.

मग ऑक्सिडेशन घातक कुठे ठरतं? जिथे नको तिथे झालं की.

शुक्राणू हा प्रवासाला निघताना घरातलं सगळं सामान टाकून निघालेला प्राणी आहे. पेशीचा द्रव, ज्याला सायटोप्लाझम म्हणतात, तो जवळजवळ सगळा काढून टाकलेला असतो. हलकं व्हायचं म्हणून हे ठीक. पण त्या द्रवातच पेशीची संरक्षक एन्झाइम असतात, तीही गेली. डीएनए एवढा आवळलेला की त्यावरून नवी प्रथिनं बनवणं बंद. म्हणजे काही बिघडलं तर दुरुस्तीचं साहित्य नव्यानं तयार करता येत नाही. दुरुस्तीच्या साखळीतलं पहिलं एन्झाइम तेवढं शुक्राणूत सापडतं. त्याचं नाव ओजीजी-१. ते खराब झालेलं अक्षर ओळखतं, उपटून बाहेर टाकतं, आणि तिथेच थांबतं. खड्डा भरायची एन्झाइम नसतात. खड्डा तसाच.

त्यात पेशीचं आवरण. शेपटी जोरात हलवायची तर आवरण लवचिक हवं, म्हणून त्यात डीएचएसारखी अतिशय असंतृप्त मेदाम्लं ठासून भरलेली असतात. अशा मेदाम्लाची रचना ऑक्सिडेशनला सोपं सावज. एका रेणूला आग लागली की शेजारच्याला लागते. जळताना जे तुकडे पडतात, त्यांतले काही शुक्राणूच्या मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे त्याच्या इंजिनाला, जाऊन चिकटतात. इंजिन बिघडतं आणि आणखी फ्री रॅडिकल, म्हणजे दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन हिसकावणारे अस्थिर रेणू, गळायला लागतात. त्यानं आणखी मेद जळतो. हे चक्र एकदा सुरू झालं की हालचाल मंदावते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखा लहान, सहज पसरणारा रेणू डीएनएपर्यंत पोहोचतो. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिनवर पहिला घाव बसतो, कारण इलेक्ट्रॉन गमवायला तेच सर्वांत तयार असतं.

फ्री रॅडिकल येतात दोन बाजूंनी. एक शुक्राणूच्या स्वतःच्या इंजिनातून. ज्यांची घडण अर्धवट झालेली असते, मानेपाशी जास्तीचा द्रव उरलेला असतो, ते शुक्राणू जास्त रॅडिकल सोडतात आणि शेजारच्या चांगल्यांनाही त्रास देतात. दुसरी बाजू पांढऱ्या पेशींची. जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर त्या वीर्यात शिरतात. जंतूंवर रॅडिकलचा मारा करणं हे त्यांचं कामच, आणि एकेका पेशीची ताकद शुक्राणूच्या कितीतरी पट असते. गोळी जंतूवर झाडलेली असते, लागते वाटेतल्याला.

एवढं सगळं विरोधात असताना शुक्राणू टिकतो कसा? त्याची राखण बाहेरून होते. वीर्याचा द्रव स्वतः अँटिऑक्सिडंटनं भरलेला असतो. व्हिटॅमिन सी तर तिथे रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, आणि हा योगायोग नव्हे, हे १९९१ च्या एका प्रयोगात स्पष्ट दिसलं. अमेरिकेत ब्रूस एम्स यांच्या गटानं काही पुरुषांच्या आहारातलं व्हिटॅमिन सी दिवसाला २५० मिलिग्रॅमवरून ५ वर आणलं. वीर्यातलं प्रमाण निम्मं झालं आणि शुक्राणूंच्या डीएनएमधली ग्वानिनची ऑक्सिडेशन-जखम ९१ टक्क्यांनी वाढली. नंतर २८ दिवस सी परत सुरू केलं, कुणाला ६० मिलिग्रॅम, कुणाला २५०. जखमा ३६ टक्क्यांनी घटल्या. कमतरता असेल तर ती भरून काढणं उपयोगाचं आहे, याचा याहून नेटका पुरावा मला माहीत नाही. पण ‘कमतरता असेल तर’ हे शब्द जाहिरातीत गळून पडतात.

एपिडिडिमिसची नळीही आपल्या परीनं राखण करते. तिच्या भिंतीतून जीपीएक्स-५ नावाचं एन्झाइम स्रवतं आणि जास्तीचं पेरॉक्साइड टिपून घेतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांतून हे एन्झाइम काढून टाकलं आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या नरांचे शुक्राणू दिसायला नीट, पोहायला नीट, फलन करायलाही नीट. आत मात्र डीएनए ऑक्सिडेशननं खराब झालेला. असे नर वर्षभराचे झाल्यावर, म्हणजे उंदरांच्या हिशोबानं प्रौढपणात, त्यांच्यापासून गाभण राहिलेल्या निरोगी माद्यांमध्ये गर्भपात आणि व्यंग असलेली पिल्लं वाढलेली दिसली. दोष मादीत शोधला असता तर कधीच सापडला नसता. अशी शोधाशोध माणसांच्या घरांत किती पिढ्या चालली आहे, हे वेगळं सांगायला नको.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, मग भरपूर अँटिऑक्सिडंट घ्यावेत. मलाही आधी तसंच वाटायचं.

शुक्राणूला ऑक्सिजनमुळे इजा होते, हे जॉन मॅकलाउड यांनी १९४३ मध्येच दाखवलं होतं; पेरॉक्साइड फोडणारं कॅटलेज हे एन्झाइम घातलं की त्यांच्या प्रयोगातले शुक्राणू वाचत. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९९३ च्या सुमाराला, कॅनडात दुसरी बाजू पुढे आली. स्त्रीबीजाला भिडण्याआधी शुक्राणूला एक अखेरची तयारी करावी लागते. त्याची शेपटी आसूड ओढल्यासारखी हलायला लागते, आवरण सैल होतं. ही तयारी सुरू व्हायला थोडं सुपरऑक्साइड, म्हणजे एक फ्री रॅडिकलच लागतं. ते नष्ट करणारं एन्झाइम द्रवात मिसळलं, तर तयारी अडते. त्यामुळे सगळे रॅडिकल पुसून टाकायचे, हा बेत मुळातच चुकीचा आहे.

सेलेनियमची गोष्ट तर याहून मजेशीर. वृषणात जीपीएक्स-४ नावाचं सेलेनियमयुक्त एन्झाइम पेरॉक्साइड टिपायचं काम करतं. शुक्राणू पक्व होताना तेच एन्झाइम आपलं काम सोडून देतं आणि गंधकाच्या बंधांनी एकमेकांत गुंफून इंजिनाभोवतीचं कवच बनतं. पहारेकरीच भिंतीत चिणून घेतात. सेलेनियम फार कमी पडलं तर शुक्राणूची मान कमजोर होते, ती यामुळे. पण भिंत उभी राहिल्यावर आणखी विटा आणून टाकल्या तर भिंत जाड होत नाही, नुसता ढीग पडतो.

आता गोळ्यांच्या चाचण्या बघू. २००५ मध्ये इटलीतल्या एका चाचणीत, ज्यांच्या शुक्राणूंत मोडतोड जास्त आहे अशा ६४ पुरुषांपैकी काहींना दोन महिने रोज एक ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि एक ग्रॅम व्हिटॅमिन ई दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. औषध घेणाऱ्यांत मोडलेल्या डीएनएचं प्रमाण २२.१ टक्क्यांवरून ९.१ वर आलं. हा निकाल आजही गोळ्यांच्या माहितीपत्रकांना पुरतो.

दोनच वर्षांनी फ्रान्समधून आणखी एक अभ्यास आला. तिथे सी, ई, बीटा-कॅरोटीन, झिंक आणि सेलेनियम असं मिश्रण ९० दिवस दिलं होतं. डीएनएची मोडतोड साधारण १९ टक्क्यांनी कमी झाली. पण त्याच शुक्राणूंमध्ये डीएनएचं गाठोडं सैल पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी वाढलं. संशोधकांनी बोट ठेवलं ते व्हिटॅमिन सीवर. डीटीटी आठवतंय? इलेक्ट्रॉन देणारा रेणू कुलपं उघडू शकतो. हा त्यांचा अंदाज होता, पण कुलपांचं रसायन माहीत असलेल्याला तो सहज पटतो. जखमा भरल्या, कुलपं ढिली झाली. हा निकाल माहितीपत्रकात कधी छापलेला पाहिला नाही.

२०२० मध्ये अमेरिकेतून दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एकीत १७१ पुरुष. सी, ई, सेलेनियम, कार्निटीन, झिंक, फॉलिक अ‍ॅसिड, लायकोपीन असं सात घटकांचं मिश्रण. तीन महिन्यांनी डीएनएच्या मोडतोडीत रिकाम्या गोळीच्या तुलनेत फरक नाही. मूल होण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत १५ टक्के, न घेणाऱ्यांत २४. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं हा फरक ठाम नाही, पण औषधाच्या बाजूनं तर नक्कीच नाही. दुसरी चाचणी आणखी मोठी होती. वंध्यत्वावर उपचार घेऊ पाहणारी २,३७० जोडपी, पुरुषांना सहा महिने रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक. मूल झालं गोळीवाल्यांत ३४ टक्क्यांना, रिकाम्या गोळीवाल्यांत ३५. डीएनएची मोडतोड गोळीवाल्यांतच थोडी जास्त निघाली, २७.२ ऐवजी २९.७ टक्के. वर पोटाच्या तक्रारी.

उपलब्ध चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन आढाव्यानं २०२२ मध्ये ९० अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक पुरुषांची माहिती तपासली. मूल होण्याचं प्रमाण कदाचित वाढत असेल, पण पुरावा फार कच्चा, असा निष्कर्ष निघाला; आणि सदोष अभ्यास बाजूला काढल्यावर तो फायदाही ठामपणे दिसेना.

माझं वाचन असं: ज्याच्या वीर्यात खरोखर ऑक्सिडेशनची आग आहे, त्याला पाणी मारून उपयोग होतो. ज्याच्याकडे आगच नाही त्याच्या घरात पाणी सोडलं तर फक्त ओल येते. बहुतेक चाचण्यांत ‘आग आहे का’ हे आधी न पाहताच सगळ्यांवर पाणी मारलं. म्हणून कुठे चांगलं, कुठे शून्य, कुठे उलटं.

‘व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल’ हे वाक्य सीला लागू पडतं, ई आणि बीटा-कॅरोटीनला नाही. फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला, हे १९९४ पासून माहीत आहे. दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत नुसतं व्हिटॅमिन ई बरीच वर्षं घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त दिसला. तीन महिन्यांच्या गोळ्यांना हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण ‘अपाय तर काही नाही ना’ या प्रश्नावर डोळे मिटून मान डोलावू नये, एवढं त्यातून कळतं.

त्यामुळे आकडा जास्त आला तर पहिला प्रश्न गोळीचा नाही, आग कुठून लागते आहे याचा. सिगारेट हे सरळ कारण. धूम्रपान करणाऱ्यांच्या शुक्राणूंत ग्वानिनच्या जखमा जास्त सापडतात. वृषणाजवळच्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील, साधारण १५ टक्के पुरुषांत असतं आणि वंध्यत्वासाठी तपासल्या जाणाऱ्यांत ३५ ते ४० टक्क्यांत. त्यावर शस्त्रक्रिया केली की बऱ्याच जणांत मोडतोड कमी होते. वृषणं शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड राहायला हवीत, म्हणून सततची उष्णता नको. संसर्ग असेल तर त्यावर उपचार. आणि एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते: वीर्य ‘साठवून’ ते जोमदार होत नाही. संख्या वाढते, पण एपिडिडिमिसच्या शेवटी रांगेत थांबलेले शुक्राणू तितका वेळ रॅडिकल खात बसतात. संयमाचे दिवस कमी केले की डीएनएची मोडतोड बऱ्याचदा घटते. गोळी नाही, खर्च नाही.

बदल केला की निकालाला वेळ द्यावा लागतो. शुक्राणू घडायला सुमारे ६४ ते ७४ दिवस, वर नळीतला प्रवास. आज तपासणीला दिलेल्या नमुन्यातला शुक्राणू अडीच-तीन महिन्यांपूर्वी घडू लागला होता. सिगारेट सोडून पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी केली आणि आकडा तोच आला, तर निराश व्हायचं कारण नाही; तो जुन्या दिवसांचा आकडा आहे.

शेवटी स्त्रीबीज. शुक्राणूनं अर्धवट सोडलेली दुरुस्ती तिथे पुरी होते. ओजीजी-१ नं उपटलेल्या अक्षराचा खड्डा भरायची एन्झाइम स्त्रीबीजात तयार असतात, आणि पहिल्या विभाजनाआधीच्या काही तासांत ती कामाला लागतात. वय वाढलं की ही क्षमता कमी होते, म्हणून एकच डीएफआय पंचविशीतल्या आणि चाळिशीतल्या जोडप्यासाठी सारखा नसतो. पण दुरुस्ती करायची तर आधी गाठोडं उघडायला हवं. स्त्रीबीजात ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य भरपूर साठवलेलं असतं. शुक्राणूचं डोकं आत शिरताच ते गंधकाच्या बंधांना इलेक्ट्रॉन देतं, कुलपं उघडतात, प्रोटामिन गळून पडतात आणि डीएनए स्त्रीबीजाच्या हिस्टोन-रिळांवर नव्यानं गुंडाळला जातो. ग्लुटाथायोन हा शरीरातल्या सर्वांत मुबलक अँटिऑक्सिडंटपैकी एक.